आठ हजाराची शिट्टी

रविवारी चिमणी घर सोडून जाणार होती, आणि बाईंच्या मते त्याला कारण एक बँड होता.

चिमणी म्हणजे बाईंची एकुलती एक मुलगी. एकोणीस वर्षांची, बापाच्या खांद्याच्या वर गेलेली, चपलेचा नंबरही त्याच्याएवढाच. पण तान्ही असताना पडलेलं नाव पडलं ते पडलं. कॉलेजजवळ तिच्या दोन मैत्रिणींनी एक खोली घेतली होती. तिसरीची जागा रिकामी होती आणि ती भरायचं चिमणीने परस्पर ठरवलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, "मला या घरात गाणं ऐकता येत नाही."

"चोवीस तास कानात ती गाण्याची बोंडं असतात की तुझ्या," बाई म्हणाल्या.

"असतात. पण ती काढली की तुझा चेहरा बघावा लागतो."

बाई ती खोली बघून आल्या होत्या. तिसरा मजला, जिन्यात दिवा नाही, मागच्या दाराची कडी अर्धीच बसते. त्यांनी गॅसच्या नळीवर तारीख शोधली, खिडकीचे गज हलवून पाहिले, आणि घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कडी मी बसवून देतो." बाईंना कडी बसवून नको होती. मुलगी घरात हवी होती. पण ते असं सरळ म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून सगळा राग बँडवर निघायचा.

बँडचं नाव 'भट्टी'. मेटल म्हणतात त्या गाण्याच्या प्रकाराला, आणि बाईंना ते नाव अगदी रास्त वाटे. पत्र्याच्या ट्रंका कोणी जिन्यावरून खाली सोडाव्यात आणि त्यांच्यामागून स्वतःही गडगडत यावं, तसं ते गाणं. गायक गात नाही, पायावर पाटा पडल्यासारखा ओरडतो. ढोलवाल्याला दोन ढोल दिलेत आणि तो दोन्ही पायांनी ते लाथाडतो. हे बाईंचं मत, आणि ते त्यांनी घरात दर दोन दिवसांनी सांगितलेलं.

बाईंचा बँड निराळा होता. 'निळा कंदील'. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतला, पाच जणांचा. पाचही जण गात, आणि पाचांचे गळे एकमेकांत असे मिसळत की कोण कुठला ते कळू नये. शब्द स्वच्छ, चाल सोपी. त्यांच्या कॅसेटी अजून कपाटात होत्या, त्या वाजवायचं यंत्र मोडून पंधरा वर्षं झाली तरी.

एकदा जेवणाच्या टेबलावर दोघींची चांगलीच जुंपली.

"गुणगुणता येतं ते गाणं," बाई म्हणाल्या. "तुझ्या भट्टीचं एक तरी मला गुणगुणून दाखव."

"मग साबणाची जाहिरात जगातलं सगळ्यात थोर गाणं झालं. भांडी घासताना तू तेच गुणगुणतेस."

नवरा ताटात बघून हसला. बाईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर त्याने हसण्याचा खोकला केला.

"आणि तुझ्या निळ्या कंदिलाची मी सगळी गाणी ऐकलीत," चिमणी म्हणाली. "अठ्ठावीस. त्यातल्या बावीस गाण्यांत कोणीतरी स्टेशनवर उभं आहे. आई, त्या माणसाला एकदाची गाडी मिळू दे."

"विरह आहे तो."

"विरह नाही, वेळापत्रक आहे."

"आणि तुमच्यात काय आहे? नुसता संताप. कशाचा येतो एवढा संताप त्या मुलांना? खाऊनपिऊन सुखी दिसतात चांगली."

"संताप नाही, बांधणी आहे. सात मिनिटांच्या गाण्यात तीनदा ताल बदलतो. आणि त्या सगळ्या दणदणाटावर शेवटपर्यंत एक बारीक झांज चालू असते. काठाला नुसती काडी लागावी तशी. ती थांबते ना, तेव्हा कळतं की इतका वेळ गाणं तिनेच धरून ठेवलं होतं. तू ती झांज ऐक, मग बोल."

"कसली झांज? मला कुठे झांजबिंज लागली नाही."

"नीट ऐक म्हणजे लागेल."

"बावीस वर्षं लोकांचे कान तपासते आहे मी. ऐकायचं कसं ते तू नको शिकवूस."

"माझं काय म्हणणं आहे," नवरा मध्ये पडला, "ज्याच्यावर पाय हलतो ते खरं गाणं. डिस्को. दोघींचंही भांडण मिटेल."

"तुम्ही गप्प बसा," दोघी एकदम म्हणाल्या. त्या दिवसभरात दोघींचं एकमत झालं ते तेवढ्यापुरतं.

वादात हरायला लागलं की बाईंची एक खोड होती. त्या पर्समधून कागद काढायच्या. हे कागद त्या कामावरून आणत, नाव फाडून टाकलेले. वर आडवी रेघ म्हणजे कान चांगला. रेघ जितकी खाली घसरेल तितका कान गेलेला. "हा बघ, चोवीस वर्षांचा. लग्नात गाणी वाजवायचा. ही बघ रेघ, विहिरीत उतरल्यासारखी."

चिमणीने त्या दिवशी कागद हातात घेतला नाही.

"आई, तू एकदा ठरव. तुझं भांडण गाण्याशी आहे की आवाजाशी? गाणं वाईट म्हणतेस, मी उत्तर देते, की तू लगेच कागद काढतेस. हे म्हणजे बुद्धिबळात राजा अडकला की लाथेने पट उधळायचा."

बाईंना ते लागलं, कारण खरं होतं. "तुझ्या काळजीने बोलते," त्या म्हणाल्या.

"मग तपास माझे कान. एकदाचे तपास. खराब निघाले तर मी खोलीवर जात नाही. इथेच राहते आणि स्टेशनवरच्या माणसाची सोबत करते. चांगले निघाले तर खोलीबद्दल एक शब्द नाही आणि भट्टीबद्दल एक शब्द नाही. कबूल?"

बाईंनी कबूल केलं. इतक्या झटकन केलं की नवऱ्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

बाई जिथे काम करायच्या ती जागा इस्पितळाच्या मागच्या जिन्याखाली होती. पूर्वी तिथे मोडक्या खाटा ठेवत. लहानशी खोली, आणि त्या खोलीत आणखी एक खोली: कपाटाएवढी, लाकडाची, आतून भोकाभोकांच्या पत्र्याने मढवलेली, जाड दाराची. दार लागलं की बाहेरचं जग बंद. आत माणूस बसे, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर यंत्रापाशी बाई बसत आणि एका लहान काचेतून आत बघत. यंत्रातून एकेक आवाज सोडायचा: आधी जाडा, घुमणारा, मग चढत चढत बारीक, अगदी शेवटी आठ हजाराची शिट्टी, म्हणजे सेकंदाला आठ हजार कंपनं, डासाच्या पंखाएवढी. आत ऐकू आलं की माणूस बटण दाबतो, बाहेर दिवा लागतो. बाई कागदावर खूण करतात. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली.

इस्पितळात त्यांना कोणी नावाने ओळखत नसे. सगळे 'कानवाल्या बाई' म्हणत. त्यांची चार वाक्यं ठरलेली होती आणि ती त्या एका दमात म्हणायच्या: "आवाज आला की बटण दाबायचं. बारीक आला तरी दाबायचं. आल्यासारखा वाटला तरी दाबायचं. आणि माझ्या हाताकडे बघायचं नाही, भिंतीकडे तोंड करायचं." हे शेवटचं महत्त्वाचं. माणसं काचेतून बाईंचा हात बघत आणि हात हलला की बटण दाबत. म्हातारे तर दाबतच, पण कामावरून काढतील या भीतीने तरणे लोकही दाबत. बाई खुर्ची फिरवायला लावत. आपण बहिरे नाही हे दाखवायची माणसाला फार घाई असते, असं त्या घरी सांगत.

रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी बाई स्वतः हेडफोन लावून यंत्र तपासायच्या. तशी रीतच आहे या कामात. ज्याचे कान चांगले त्याने रोज सगळे आवाज स्वतः ऐकून बघायचे, म्हणजे यंत्रात बिघाड झाला तर त्याच दिवशी कळतो. मग वहीत लिहायचं, 'यंत्र ठीक', आणि सही. बाईंचे कान म्हणजे त्या खोलीतलं वजनमाप होतं. एकोणीस वर्षं वहीत रोज 'यंत्र ठीक' होतं.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी आठ हजाराची शिट्टी त्यांना मंद वाटली. आवाज बराच वाढवला तेव्हा कुठे लागली. त्यांनी वहीत लिहिलं, 'आठ हजार, मंद', आणि मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणजे यंत्र बनवणाऱ्यांचा माणूस, त्याच्याकडे स्वतःचं एक मोजायचं यंत्र असतं. त्याने ते हेडफोनला लावलं, आकडे बघितले आणि लिहून दिलं, 'दोष नाही'. सहा महिन्यांनी बाईंनी पुन्हा बोलावलं. आता सहा हजारही मंद लागत होता. त्याने हेडफोन बदलला. पुन्हा 'दोष नाही'. तिसऱ्या खेपेला बाई त्याच्यावर उखडल्या. "तुमचं मोजायचं यंत्रच आधी कोणाकडून तरी मोजून घ्या," त्या म्हणाल्या. "नाचता येईना अंगण वाकडं." मिस्त्रीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं.

मग बाईंनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, वरचे दोन आवाज सोडून द्या, माणसाचं बोलणं खालच्या आवाजात असतं, तेवढं पुरे. तेव्हापासून कागदावर रेघ चार हजारापाशी थांबे आणि पुढे बाई लिहीत, 'यंत्रदोष'. सांगून सांगून त्या थकल्या होत्या. कोणी ऐकतच नाही म्हटल्यावर काय करणार. घरीसुद्धा तेच. चिमणीला ताप आला तेव्हा दहा मिनिटं थर्मामीटर काखेत धरून ठेवला, तो वाजेचना; नवऱ्याने तो बघितला आणि काही न बोलता दुसरा आणला. तोही वाजेना. आजकाल एक वस्तू धड मिळत नाही, असं बाई म्हणाल्या होत्या.

आता चिमणीच्या तपासणीचं. बाईंनी कबूल केलं होतं ते या शिट्टीच्या भरवशावर. मोठ्या आवाजाने कान जायला लागला की आधी वरचा भाग जातो, हे त्यांना ठाऊक होतं. आणि आपलं यंत्र वरच्या भागात मंद आहे, हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणजे चिमणीला आठ हजाराची शिट्टी ऐकू येणारच नाही. रेघ खाली पडणार. त्यात खोटं काही नव्हतं. कागदावर जे येईल तेच काढायचं. फक्त यंत्र मंद आहे एवढं सांगायचं नाही. दोन दिवस त्या स्वतःची अशी समजूत घालत होत्या. आईने मुलीला बिनदिव्याच्या जिन्यापासून वाचवायला एवढं केलं तर कोणता धर्म बुडणार होता?

बुधवारी दुपारी चिमणी आली. दप्तर कोपऱ्यात टाकलं, वाकून आत शिरली. खुर्ची तिला लहान पडत होती.

"आवाज आला की बटण दाबायचं," बाईंनी सुरू केलं.

"बारीक आला तरी दाबायचं, वाटला तरी दाबायचं, आणि तुझ्या हाताकडे बघायचं नाही. पाठ आहे मला. लहानपणी लपाछपी इथेच खेळायचे मी."

तिने स्वतःच खुर्ची फिरवली. बाईंनी दार लावलं.

जाडे आवाज झाले. दिवा लागत गेला. हजार, दोन हजार, तीन हजार. लाल गोल वरच्या रेघेला चिकटून ओळीने बसले, दोरीवर चिमण्या बसाव्यात तसे. चार हजार, उत्तम. बाईंना एकीकडे हायसं वाटत होतं आणि दुसरीकडे तेच नको होतं. आपल्या पोटच्या पोरीचा कान चांगला निघू नये म्हणून आपण इथे बसलो आहोत, हे मनात आल्यावर त्यांना स्वतःची शिसारी आली. पण हात पुढे गेला. सहा हजार. दिवा लागला. आवाज कमी केला. लागला. अजून कमी. लागला.

मग आठ हजार. बाईंनी आवाज मध्यम ठेवला, त्यांना सकाळी ऐकू आला होता त्याच्या बराच खाली. दिवा लागला. त्यांना वाटलं, पोरगी अंदाजाने दाबते आहे. त्या थांबल्या, काहीच सोडलं नाही. दिवा लागला नाही. पुन्हा सोडला, आधीपेक्षा हळू. दिवा. खूप वेळ थांबल्या, मग एकदम सोडला, यंत्राच्या अगदी तळाशी, जिथे फक्त चांगल्या कानाला लागतो तिथे.

दिवा लागला.

काचेतून त्यांना फक्त पाठ दिसत होती. वेणी, आणि बटणावरचा अंगठा. बाईंनी आणखी सहा वेळा करून पाहिलं. सहाही वेळा अंगठा अचूक दबला. यंत्र जर खरंच मंद असतं, तर हा कान माणसाचा नव्हता, वटवाघळाचा होता.

त्यांनी डाव्या कानाच्या निळ्या फुल्याही पुऱ्या केल्या. काम अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. मग दार उघडलं.

"काय?" चिमणी म्हणाली. "वाजले की नाही बारा?"

"चांगले आहेत."

"चांगले म्हणजे?"

"म्हणजे चांगले. यापेक्षा चांगले नसतात." त्या यंत्राकडे बघत राहिल्या. चिमणी जिंकली होती आणि उड्या मारायच्या तयारीत होती, पण आईचा चेहरा बघून उडी जागच्या जागी राहिली.

"काय झालं, आई?"

"तू इथे बस. मी आत बसते. हे चाक असं फिरवायचं, हे दाबलं की आवाज जातो. दिवा लागला की एक घर खाली. नाही लागला की एक घर वर. चुकलं तर चुकू दे."

बावीस वर्षांत बाई त्या कपाटात पेशंट म्हणून कधी बसल्या नव्हत्या. सकाळची तपासणी त्या बाहेरच, खुर्चीत बसून उरकायच्या. आत पत्र्याचा आणि जुन्या फोमचा वास होता. दार लागल्यावर त्यांना स्वतःचा श्वास ऐकू आला. सुरुवातीचे आवाज नीट आले, त्यांनी बटण दाबलं. मग आवाज चढत गेले, आणि एका जागी नुसती शांतता सुरू झाली. काचेपलीकडे चिमणीचा हात हलताना त्यांना दिसला. त्यांचा अंगठा बटणावर टेकला. ऐकू काही आलं नव्हतं. हात दिसला होता, एवढंच. कितीजणांना त्यांनी यावरून दटावलं होतं. त्यांनी अंगठा उचलला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली.

भिंतीत हजारो भोकं होती. त्या ती मोजत बसल्या. शेवटी कुठेतरी खूप लांबून, चाक जवळजवळ टोकाला गेलं असेल तेव्हा, एक शिट्टी आली, आणि त्यांनी बटण दाबलं.

चिमणीने काढलेला कागद वाकडातिकडा होता, पण वाचता येत होता. चार हजारापासून रेघ घसरत होती आणि आठ हजारापाशी विहिरीत उतरत होती. बाईंनी तो नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. त्या पर्समध्ये असे बरेच होते.

"हे कशाने होतं?" चिमणीने विचारलं.

"वयाने. आवाजाने. कशानेही."

"वॉकमनवर कंदील ऐकायचीस ना, बसमध्ये? आवाज किती असायचा?"

"गाण्यापुरता."

"बसच्या इंजिनाच्या वर की खाली?"

बाईंनी हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली. चिमणीने पुन्हा विचारलं नाही. एवढं शहाणपण तिला होतं.

त्या दिवशी बाईंनी तीन जणांशी बोलून घेतलं आणि तिघांनीही त्यांची निराशाच केली. डॉक्टर म्हणाले, "या वयात होतंच हो, माझंही असेल," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाई दारातच उभ्या राहिल्या. तीन वर्षं आपण कोणाचे वरचे आवाज तपासले नाहीत, त्यांत कारखान्यांतून आलेली तरुण माणसं होती, त्यांच्या कागदावर आपण 'यंत्रदोष' लिहिलं, हे त्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बघू." बाईंना 'बघू'चा अर्थ ठाऊक होता. त्यांनी स्वतःच पेशंटची वही काढून त्या कारखान्यांतल्या तरुणांची नावं उतरवायला घेतली. एकतीस निघाली. त्यांना एकेक करून परत बोलवायचं, आणि का बोलावलं ते सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या दोघांचे फोन लागले नाहीत.

मग मिस्त्री.

"यंत्र ठीक आहे," बाई फोनवर म्हणाल्या.

"मी तीनदा लिहून दिलंय, बाई."

"तुम्हाला कळलं होतं?"

"दुसऱ्या खेपेला शंका आली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही मलाच त्या कपाटात कोंडून माझे कान तपासले असते."

आणि घरी नवरा. तो थर्मामीटरचं कधीच ओळखून होता. "सांगायचं कसं?" तो म्हणाला. "तू दुसऱ्यांचे कान तपासणारी. आणि खरं सांगू, मला वाटलं तुला ठाऊक असेल." बाईंना सगळ्यात जास्त राग याचा आला. घरातल्या, कामावरच्या सगळ्यांनी त्यांना सांभाळून घेतलं होतं, आणि त्या तीन वर्षं यंत्राशी भांडत बसल्या होत्या.

चिमणी रविवारी गेलीच. शब्द दिला होता. बाईंनी खोलीबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त जिन्यासाठी एक टॉर्च, कडीसाठी चार स्क्रू आणि तापाच्या गोळ्या अशी एक पिशवी भरून दाराशी ठेवली. शब्द न काढता जेवढं करता येतं तेवढं.

निघण्याआधी चिमणीने बाईंना आपल्या खाटेवर बसवलं. खोके बांधून झाले होते, स्पीकर तेवढा बाहेर होता.

"भट्टीबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय," बाई म्हणाल्या.

"बोलू नकोस. ऐक." तिने फोनमध्ये काहीतरी सरकवलं, खालचे आवाज कमी केले, वरचे वाढवले. गाणं सुरू झालं. ट्रंका यावेळी जरा लांबच्या जिन्यावरून पडत होत्या. पाटा पायावर पडलेला माणूस तसाच ओरडत होता. आणि त्याच्या वर, अगदी वर, काहीतरी होतं. पातळ, चालू, न थांबणारं.

बाईंनी बोट वर केलं. "ही का?"

"ही."

"सगळा वेळ असते?"

"सगळा वेळ."

सातही मिनिटं बाईंनी ऐकली. शेवटी ती झांज थांबली, आणि चिमणी म्हणायची तेच झालं. खोलीतून कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. त्यांनी ते कबूल केलं नाही.

"तरी मला नाही आवडलं," त्या म्हणाल्या. "झांज ठीक आहे. पण तो ओरडतोच. तेवढं मला चांगलं ऐकू येतं."

"चालेल," चिमणी म्हणाली. "आता ऐकून नावडलं. आधी न ऐकताच नावडायचं."

खालून बापाने हाक मारली. खोके गेले, स्पीकर गेला, पिशवी गेली. घरात इतकं शांत झालं की बाईंना ते कपाट आठवलं. संध्याकाळी भांडी घासताना त्यांनी साबणाची जाहिरात गुणगुणली आणि मध्येच थांबल्या, कारण टोमणा मारायला कोणी नव्हतं.

आता यंत्राचं काय? रोज तपासायला चांगला कान हवा, आणि खोलीतला एकुलता एक कान निकामी झालेला. डॉक्टर म्हणाले, बघू. शेवटी बाईंनी स्वतःच चिमणीला फोन केला. तिची नवी खोली इस्पितळापासून चालत दहा मिनिटांवर होती. "रोज नाही तर निदान आठवड्यातून एकदा, सोमवारी, बरोबर नऊला," बाई म्हणाल्या. "पहिला पेशंट सव्वानऊला असतो."

सोमवारी नऊ वाजले, सव्वानऊ झाले. पेशंट येऊन बाकावर बसला. एकतिसांपैकी फोन लागलेला पहिला, एक तरुण वेल्डर. बाईंनी चार वेळा घड्याळ पाहिलं. नऊ पंचवीसला चिमणी धापा टाकत आली, केस ओले, कानात बोंडं.

"नऊ म्हणजे नऊ," बाई म्हणाल्या.

"कडी अडकली होती."

"बाबांनी बसवली ना?"

"बसवली. आता जास्तच बसते."

बाईंनी तिच्या कानातली बोंडं काढून टेबलावर ठेवली. त्यातून अजून बारीक काहीतरी चालू असावं. वेल्डर हसून तिकडे बघत होता. बाईंना काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी चिमणीला आत बसवलं, दार लावलं आणि चाक आठ हजारावर नेलं. दिवा लागला. त्यांनी वही उघडून लिहिलं, 'यंत्र ठीक', आणि सहीची जागा मोकळी सोडून वही चिमणीसाठी बाजूला ठेवली.